चिलखत चढवलं की आकडा उतरतो : 'बाल्डर्स गेट'च्या उलट्या हिशेबाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला आणि वर्षअखेरीला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. तो नीट चालवायचा तर तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं. सांगली-मिरजेत खोली घेऊन राहणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपला ते झेपत नाही. मग त्यातली काही हुशार मंडळी पायरी उतरून मागे जातात : तिसरा चालत नाही ना, मग पहिला खेळू. पहिला भाग १९९८ चा. त्याची सुधारित आवृत्ती आता टॅबवर, मोबाइलवरसुद्धा चालते.

इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची त्यातलीच. विश्रामबागला आमच्याकडे रविवारी आली की जेवण झाल्यावर टॅब घेऊन कोपऱ्यात बसते, आणि मग एकेक प्रश्न येतो. "मामा, ह्या लढवय्याला लोखंडी कड्यांचं चिलखत घातलं तर आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा दर्जा, १० वरून ५ झाला. काढून टाकू का?" "मामा, जादूगारानं एक मंत्र टाकला आणि आता काहीच करत नाही. हँग झालाय का?" "मी दहा वेळा क्लिक केलं तरी हा पठ्ठ्या तलवार चालवत का नाही रे?" आणि सगळ्यात जोरात : "पहिल्याच जंगलात साध्या लांडग्यानं मारलं मला!"

हे प्रश्न बावळट नाहीत. या गेमचे बरेच नियम कॉम्प्युटरसाठी बनलेच नव्हते. ते कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी बनले होते. १९९८ साली अमेरिकेत हा गेम विकत घेणाऱ्या बऱ्याच जणांनी तो टेबलावरचा खेळ खेळलेला असे. नसेल तर खोक्यात जाडजूड पुस्तिका असे. आपल्याकडे टेबलावरचा खेळ फारसा पोचलाच नाही. मी पहिल्यांदा हा गेम पाहिला तो कॉपी केलेल्या पाच सीड्यांवर. रबरबँड लावलेली चळत, वर मार्करनं आकडे. गावाबाहेरच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेलं की मशीन पुढची सीडी मागायचं. पुस्तिका कुठली असायला! म्हणजे उत्तरं हातात आली, पण गणित कुठलं ते कुणी सांगितलंच नाही.

ते गणित सुरू होतं प्रशियाच्या सैन्यात. राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या सरावासाठी युद्धाच्या खेळाचे नियम छापले. मुळात हा खेळ त्याच्या वडिलांनी रचलेला, मुलानं तो नकाशावर आणला. दोन बाजू, फासे, आणि मध्ये एक पंच. कुणाला शत्रू दिसतो, कुणाला दिसत नाही, हे पंच ठरवणार. खेळाडू फक्त हुकूम देणार. पुढे शे-दीडशे वर्षांत हा प्रकार युरोप-अमेरिकेत हौशी लोकांच्या घरात शिरला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी एक गंमत केली : नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव घेतलं आणि फौजांबरोबर गावातली माणसंही वाटून दिली. तू नगराध्यक्ष, तू सावकार, तू विद्यापीठाचा कुलगुरू. खेळाडू एकमेकांशी त्या त्या माणसाच्या तोंडून बोलायला लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. त्या मंडळीतले डेव्ह आर्नेसन यांनी पुढे हीच पद्धत किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. तलवारी, राक्षस, जादू, खजिना. त्या जगाचं नाव ब्लॅकमूर.

इथं सांगलीकरांना एक गोष्ट सांगितली की बाकी फार समजवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा, आणि सोंग घेतलेली पात्रं आपली भाषणं बहुतेक आयत्या वेळी, मनानंच करायची. टेबलावरचा रोल-प्लेइंग खेळ जवळजवळ असाच चालतो. सूत्रधार म्हणजे डंजन मास्टर. तो प्रसंग सांगतो, पात्रं ऐनवेळी ठरवतात काय बोलायचं, काय करायचं. फरक इतकाच की इथं रामाला धनुष्य उचलता येतं का, हे फासा ठरवतो.

आर्नेसनच्या खेळात सुरुवातीला लढाईचे नियम दुसरीकडून आणलेले होते. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स राहत. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून घर चालवणारे, आणि उरलेल्या वेळात युद्धाचे खेळ रचणारे. त्यांनी जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं होतं. त्यात हिशेब रोखठोक होता : फासा टाका, एक तर तो मेला, नाही तर तुम्ही. पण ब्लॅकमूरमधल्या लोकांचा आपापल्या पात्रावर जीव जडला होता, एका फाशात ते गेलेलं त्यांना चालेना. आर्नेसन यांनी मुलाखतीत सांगितलंय की तेव्हा त्यांनी आपल्याच एका जुन्या खेळाचे नियम उचलले. तो खेळ होता अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्याच्या लढाऊ बोटींचा. बोट किती मार खाऊ शकते ते हिट पॉइंट, आणि तिचा पत्रा किती भक्कम तो आर्मर क्लास. आज जगातल्या निम्म्या गेममध्ये डोक्यावर जी लाल पट्टी दिसते, तिचं मूळ असं बोटींत आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारीच वाटलं होतं.

आर्नेसन आणि गायगॅक्स यांनी मिळून केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जानेवारी १९७४ मध्ये निघाला. खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्यात अंगावर चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास होता ९, आणि पत्र्याचं पूर्ण चिलखत व ढाल घेतलेल्याचा २. रेल्वेत पहिला वर्ग दुसऱ्यापेक्षा बरा, तसाच हा दर्जा. आकडा लहान तितकं चिलखत वरच्या प्रतीचं. तेव्हा यात कुणाला काही खटकत नव्हतं, कारण कुणी वजाबाकी करतच नव्हतं. पुस्तकात तक्ता होता. आपली पातळी एका बाजूला, समोरच्याचा आर्मर क्लास दुसऱ्या बाजूला, दोन्ही जिथं मिळतात तो आकडा वीस बाजूंच्या फाशावर पडला पाहिजे. भाचीनं पाहिलेलं १० वरून ५ वर उतरणं याच रिवाजातलं. मधल्या काळात बिनचिलखताचा आकडा ९ चा १० झाला, एवढंच. तेव्हा नाही, काढून टाकू नकोस.

घोटाळा पुढे झाला. जादूचं चिलखत, जादूची ढाल, अंगठी असं करत करत लोक २ च्या खाली, शून्याच्या खाली गेले. तक्ते लांबले. दर वेळी पान उलटण्यापेक्षा खेळणाऱ्यांनी शॉर्टकट काढला : समोरच्याचा दर्जा शून्य असेल तर मला किती पाडावे लागतील तेवढाच आकडा लक्षात ठेवायचा, बाकी तोंडी. हाच थॅको. १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं त्याला अधिकृत केलं, आणि 'बाल्डर्स गेट' बेतलाय याच दुसऱ्या आवृत्तीवर.

हिशेब एकदा करून पाहा. पहिल्या पातळीच्या लढवय्याचा थॅको २०. समोर कड्यांचं चिलखत घातलेला दरोडेखोर, आर्मर क्लास ५. वीसमधून पाच गेले पंधरा. फाशावर १५ किंवा जास्त पडले तरच वार लागणार, म्हणजे वीसात सहा वेळा. दरोडेखोराचा दर्जा उणे २ असता तर २२ हवे होते, जे फाशावर नाहीतच. तिथं २० पडले की वार लागतोच, या नियमावर भिस्त. सेटिंगमध्ये जाऊन फीडबॅकखाली फासे दाखवायचा पर्याय चालू केला की खाली पडद्यावर प्रत्येक वाराचा आकडा उमटतो. भाचीला मी पहिलं काम तेच करायला लावलं. पाच मिनिटं ती नुसती ओळी वाचत होती. मग म्हणाली, "म्हणजे हा आळशी नाहीये. ह्याचे फासे वाईट पडतायत."

क्लिक करूनही पठ्ठ्या उभा राहतो त्याचं कारण मात्र कागदात कमी, मशीनमध्ये जास्त आहे. बायोवेअर ही कंपनी १९९५ मध्ये कॅनडातल्या एडमंटनमध्ये निघाली. काढणाऱ्यांत रे मुझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप हे डॉक्टर होते. स्टेथोस्कोपवाले, खरेखुरे. त्यांनी इंटरप्ले कंपनीला दाखवलेला नमुना रणनीतीच्या गेमचा होता, सगळं एकाच वेळी हलणारा. इंटरप्लेकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा परवाना होता. दोन्हींची गाठ पडली. पण टेबलावर सगळे पाळीपाळीनं खेळतात, इथं तर घड्याळ थांबत नाही. तोडगा असा निघाला : प्रत्येक पात्राची स्वतःची पाळी, सहा सेकंदांची, आतल्या आत चालू. पहिल्या पातळीच्या लढवय्याला सहसा त्या सहा सेकंदांत एकच खरा वार. बाकी तलवार फिरताना दिसते ती शोभेची. दहा वेळा क्लिक केल्यानं पाळी लवकर येत नाही. क्लिकपेक्षा स्पेस बार दाबून खेळ थांबवणं महत्त्वाचं. थांबवायचं, आपल्या चमूतल्या सहाही जणांना हुकूम द्यायचे, परत चालू करायचं.

आता जादूगार. एक मंत्र टाकला की झोपेपर्यंत मोकळा. हा नियम गायगॅक्स यांनी एका लेखकाकडून घेतला आणि तसं ते मोकळेपणानं सांगत. जॅक व्हान्स यांच्या १९५० मधल्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात जादूगार मोजकेच मंत्र मोठ्या कष्टानं डोक्यात साठवतो. उच्चारला की मंत्र मनातून पुसला जातो, पुन्हा पोथी उघडायची. टेबलावर याचा उपयोग झकास झाला, कारण त्यामुळे भुयारात किती खोल जायचं आणि कधी परत फिरायचं, यावर वाद घालता येतो. पडद्यावर मात्र सूत्रधार नाही, वाद घालायला कुणी नाही, त्यामुळे नवख्याला वाटतं मशीन अडकलं.

आणि लांडगा? जादूगाराचे हिट पॉइंट पहिल्या पातळीवर चार बाजूंच्या फाशानं ठरतात. म्हणजे चार. अंगकाठी दणकट घेतली तर सहा. लांडग्याचे दोन चावे पुरे. जुन्या नियमांत जादूगारानं आधी दुसऱ्यांच्या पाठीमागे लपून जगायचं आणि सातव्या-आठव्या पातळीला सगळ्यांना भारी पडायचं, असा सौदा होता. टेबलावर हा सौदा महिनोन् महिने चाले. पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये मात्र अनुभवाचे गुण ८९,००० ला थांबतात, आणि जादूगाराला आठवी पातळी मिळते ९०,००० ला. हजार गुणांनी हुकते! हे कुणी मुद्दाम केलं असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार. १९९९ च्या पुरवणीनं मर्यादा १,६१,००० केली. नवख्यानं पहिला मंत्र झोपेचा घ्यावा. सुरुवातीच्या टोळ्या त्यानं एका फटक्यात आडव्या होतात.

कॉम्प्युटरवर हे सगळं पहिल्यांदा बायोवेअरनं आणलं असं मात्र नाही. टेबलावरचा खेळ निघून वर्ष-दीड वर्ष होतंय तोच, १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या मोठ्या यंत्रणेवर हौशी मंडळींनी भुयारं बांधली. अभ्यासाच्या फायलीसारखं 'पेडिट५' असं नाव देऊन लपवायची, आणि व्यवस्थापकांनी ती पुसायची. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' आले. 'विझर्ड्री'चं जपानला वेड लागलं, त्यातून १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ चा 'फायनल फँटसी'. नियमपुस्तकाशी अधिकृत इमान राखणारा पहिला मोठा कॉम्प्युटर गेम १९८८ चा 'पूल ऑफ रेडिअन्स'. नव्वदीच्या मध्याला हा प्रकार थंडावला होता; १९९७ चा 'फॉलआउट' आणि पाठोपाठ डिसेंबर १९९८ चा 'बाल्डर्स गेट' यांनी त्यात पुन्हा जीव आणला.

गंमत अशी की तो वर आला तोच त्याचे नियम जुने झाले. २००० च्या ऑगस्टमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली आणि तिनं थॅको मोडीत काढला. आकडा मोठा तितकं चिलखत भारी, वजाबाकी बंद, नुसती बेरीज. महिन्याभरात 'बाल्डर्स गेट २' बाजारात आला, तो मात्र अजून वजाबाकीवरच. २०१२ च्या सुधारित आवृत्तीनं चित्रं, खिडक्या, गती सगळं सुधारलं, पण हिशेबाला हात लावला नाही. माझ्या मते बरोबर केलं. थॅको काढला असता तर हत्यारं, राक्षस, मंत्र सगळं नव्यानं तोलावं लागलं असतं, आणि मग तो गेम जुना राहिलाच नसता.

नवख्यांचा एक प्रश्न मात्र या सगळ्या इतिहासात बसत नाही. लढताना तलवार अचानक मोडते, हातात काही उरत नाही, आणि पोरं विचारतात की हा बग आहे का. टेबल, फासे, बोटी, कशाचाच इथं संबंध नाही. त्या मुलखातलं लोखंडच नासलंय, गावातले लोक येता-जाता त्याबद्दल कुरकुरत असतात, पण आपण संवादांच्या खिडक्या न वाचता बंद करतो. का नासलंय ते नाश्केलच्या खाणीत उतरल्यावर कळतं. तोवर एक जादा तलवार पाठीला असू द्या.