बर्कलीचा घाट: सदतिसाला एक

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात. रेल्वेत त्यांना 'बँकर' म्हणतात. ती का लागतात याचं उत्तर जेम्स जॉन बर्कली या इंजिनिअरच्या कामात सापडतं.

बर्कलीचा जन्म १८१९ चा, लंडनजवळचा. रॉबर्ट स्टीफन्सन या नामवंत ब्रिटिश रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली तो तयार झाला आणि १८५० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून मुंबईत उतरला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती याच्याच देखरेखीखाली. पण त्या सपाट मार्गाची गोष्ट एवढीच. खरी परीक्षा होती कर्जत आणि खंडाळ्याच्या मधल्या बोरघाटाची.

घाटातली लाइन सुमारे २५.५ किलोमीटर आणि तेवढ्यात चढायचं १८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर. सरासरी चढ ४६ ला १, म्हणजे ४६ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि सर्वांत कडक ठिकाणी ३७ ला १. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवतही नाही. रुळावर मात्र पोलादी चाक पोलादावर टेकलेलं असतं आणि पकड जेमतेम. १०० टनांची गाडी ३७ ला १ चढावर नुसती धरून ठेवायलाच २.७ टनांची ओढ लागते. रूळ पावसाने ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून रुळावर वाळू सोडावी लागते.

चढ याहून कडक करायचा नाही, तर लाइन लांबवायला हवी. लांबवायला कड्यावर जागा नाही आणि वळसा घ्यायला डोंगर पुरत नाही. बर्कलीने तोडगा काढला तो रिव्हर्सिंग स्टेशनचा. गाडी एका अरुंद सोंडेवर येऊन थांबायची. पुढे वाट बंद. इंजिन सुटून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला यायचं आणि शेवटचा डबा आता पहिला होऊन गाडी वर निघायची. चढताना यात फक्त वेळ जायचा; धोका होता तो उतरताना. त्या काळी सगळ्या डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक नव्हते, ते माणसांनी हाताने आवळायचे. १८६९ साली एक गाडी आवरली नाही आणि स्टेशनाच्या पुढे गेली. घाटात कॅच साइडिंग असतात त्या याचसाठी: बेफाम सुटलेली गाडी चढाच्या आडमार्गाला वळवायची, म्हणजे तिचा वेग तिथेच मरतो.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. २५ बोगदे, ८ मोठे कमानपूल. दगड बेसाल्ट, हत्यारं पहारी आणि घण, सुरुंगाला काळी दारू, कारण डायनामाइट अजून यायचं होतं. काही ठिकाणी मजुरांना कड्यावरून दोराने खाली सोडून भोकं पाडावी लागली. पावसाळ्यात काम ठप्प. पटकीच्या साथींनी माणसं मेली. जानेवारी १८६१ मध्ये सुमारे ४२,००० मजूर कामावर होते. कंत्राटदार फॅव्हिएलने १८५९ मध्ये काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचून काही आठवड्यांतच वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन अनुभवी इंजिनिअरांकडून ते पुरं करवलं. रेल्वेच्या इतिहासात तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे खटकतं.

तोवर खंडाळा-पुणे लाइन १८५८ मध्येच सुरू झाली होती. मधला घाट उतारू पालखीत किंवा तट्टावर बसून पार करत.

बर्कली आजारी पडून १८६१ मध्ये परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ ला, त्रेचाळिशीही न गाठता, वारला. घाट खुला झाला १८६३ मध्ये.

आखणी टिकली, बांधकाम मात्र सगळं टिकलं नाही. जुलै १८६७ मध्ये इथला एक कमानपूल कोसळला. अशा पुलांच्या खांबांत बाहेरून घडीव दगड आणि पोटात डबर व चुना भरत. दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड कमी पडले की भिंत म्हणजे नुसती साल. चुना ओलाच असताना पाऊस लागला, तर तो नीट पकडत नाही. पाणी मुरतं, पोट फुगतं आणि साल सुटते.

रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ च्या सुमारास नव्या मार्गाने वगळलं गेलं. वीज आली, बोगदे नवे झाले, चढ मात्र अजून ३७ ला १ आहे. म्हणून बँकर, आणि तोही मागे: पुढून सगळी ओढ दिली तर पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, साऱ्या गाडीचा ताण येतो, आणि ते तुटलं तर मागचे डबे कर्जतकडे घरंगळतील.