अंगठा हलतो म्हणजे हाड शाबूत?

फोंडा-डिचोलीकडे स्कूटरवरून किंवा फुटबॉल खेळताना कुणी हातावर पडला, की हमखास ऐकू येते, ‘अंगठा हलतो ना? मग मोडलेला नाही.’ हे चूक आहे. मुळाशी हाड मोडले तरी अंगठा थोडाफार हलतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक बेनेट यांनी १८८२ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात छोटा तुकडा जागीच राहतो, उरलेले हाड स्नायू ओढून नेतात आणि सांधा सरकतो. पंजाच्या नेहमीच्या एक्स-रेत अंगठा तिरका येतो, म्हणून तो एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी दुखणे असेल तर थांबू नका. खास अंगठ्याचाच काढायला सांगा: हात आत पूर्ण वळवून अंगठ्याची पाठ प्लेटवर टेकवलेला एक आणि बाजूचा एक. तुकडे अनेक वाटले तर सीटी स्कॅन. तोवर कृपा करून तेल लावून चोळू नका.