तुमच्या स्लजमध्ये नवीन जातीचा बॅक्टेरिया सापडला तर?

आम्ही हॉटेलं आणि सोसायट्यांच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, स्लज (बॅक्टेरियांनी भरलेला गाळ) तपासतो, आणि रिपोर्टात ‘जवळचा मॅच ९७.९ टक्के’ असं काही दिसलं की कळंगुट असो नाहीतर मडगाव, फोन येतोच, म्हणजे नवीन जात सापडली का हो? असेलही, पण एवढ्या एका आकड्यावर नाव मिळत नाही.

हा आकडा १६एस नावाच्या जीनचा असतो, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचा, सगळ्या बॅक्टेरियात असतो म्हणून त्यावरून तुलना करतात. माहीत असलेल्या जातींशी मॅच साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेला तर नवीन जातीचा संशय घ्यायचा, फक्त संशय. कारण बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटवर एकच पिवळी गोल कॉलनी (बॅक्टेरियांचा ठिपका) दिसते पण तिच्या चिकट कडेला दुसराच कोणी लपलेला असतो, मग जीन वाचताना दोघांची सरमिसळ होते आणि मॅच उगाच कमी येतो. म्हणून एकेक कॉलनी उचलून परत परत नव्या प्लेटवर रेघा मारून शुद्ध करावी लागते, आणि स्लजमधले कितीतरी बॅक्टेरिया इतके सावकाश वाढतात की घाई केली तर हातातून गेलेच. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

त्यानंतर पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचायचा. जवळच्या जातीशी एएनआय (दोन जीनोम सरासरी किती जुळतात तो आकडा) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आला की मग खात्रीने बोलता येतं, सोबत ग्रॅम स्टेन (रंग लावून बॅक्टेरियाचा प्रकार ओळखायची चाचणी), तापमान, मीठ, काय खातो ते सगळं तपासायचं. शेवटी जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहात जमा करायचं, आपल्याकडे चंदीगडचं एमटीसीसी आहे, जर्मनीत डीएसएमझेड, आणि लॅटिन नावासकट वर्णन छापून यायला लागतं. लॅबमध्ये वाढतच नसेल तर नावाआधी ‘कँडिडेटस’ लागतं.

कोणी ‘नवीन जातीचं कल्चर’ म्हणून पावडर विकायला आला तर ही कागदपत्रं मागा. आणि टँकवर तपकिरी फेस आला म्हणून नवीन जातच असेल असं नाही, मायक्रोथ्रिक्ससारखे जुने ओळखीचे तंतूवालेही तोच फेस करतात, आधी मायक्रोस्कोपखाली बघून घेऊया.

सॅम्पल एरेशन टँकमधून ब्लोअर चालू असताना घ्या, स्वच्छ बाटलीत, वरती थोडी जागा ठेवून, फिनेल किंवा ब्लीच लागलेली बाटली अजिबात नको. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, गोठवू नका.