बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

चिखलातून फिरणाऱ्या मोटरसायकलचं क्लच कव्हर तेल गाळू लागलं की हात आपसूक पान्याकडे जातो आणि बोल्टला आणखी अर्धा पीळ बसतो. गळती तशीच राहते, शिवाय आटे जातात, म्हणजे त्यांची पकड सुटते. ‘जितका घट्ट तितका पक्का’ हा समज याच्या मुळाशी आहे.

आवळताना पोलादी बोल्ट ताणला जातो. २५ मिमी पकडीचा (ताणल्या जाणाऱ्या भागाची लांबी) एम६, म्हणजे ६ मिमी जाडीचा, बोल्ट साधारण ०.०५ मिमी लांबतो, जेमतेम केसाच्या जाडीइतका. तो पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीनं कव्हर गॅस्केटवर (सांधा बंद करणाऱ्या पातळ पट्टीवर) दाबून धरतो. मात्र आपल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा या ताणात उतरतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. कोरड्या आट्यांवर १० न्यूटन-मीटर टॉर्कनं (पिळण्याच्या जोरानं) सुमारे ८,३०० न्यूटन दाब मिळतो. आट्यांना ग्रीस लावलं, तर तेवढ्याच टॉर्कला तो १२,००० च्या आसपास जातो. ८.८ दर्जाच्या एम६ बोल्टची सुरक्षित मर्यादा ११,६०० आहे! म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावणार असाल, तर टॉर्क पाव हिश्शानं कमी ठेवा. आवळणी थंड इंजिनावरच करा: अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम इंजिनात बोल्टवर ताण आधीच वाढलेला असतो.

चकचकीत स्टेनलेस बोल्ट जास्त मजबूत असतात, ही निव्वळ जाहिरातबाजी. ए२-७० दर्जाचं स्टेनलेस ४५० मेगापास्कल ताणाला कायमचं ताणलं जातं, ८.८ पोलाद ६४० ला. शिवाय ओल्या चिखलात स्टेनलेसच्या संगतीत अ‍ॅल्युमिनियम गंजतं. आट्यांत साचलेली पांढरी भुकटी फुगून बोल्ट जाम करते. मॅग्नेशियमच्या कव्हरला हा धोका आणखी मोठा. जस्ताचा मुलामा दिलेले, ८ मिमी पान्याचे फ्लँज बोल्ट (डोक्याखाली रुंद चकती असलेले) उत्तम. अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत चिखल बसतो आणि अ‍ॅलन की अर्धवट शिरून खाच गोल होते.

बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी खोचत जा, कारण लांबी वेगवेगळी असते. बसवताना सगळे हातानं फिरवा. आवळण्याआधी प्रत्येकाचं डोकं कव्हरपासून सारख्याच उंचीवर दिसलं पाहिजे. एखादं जास्त वर असेल तर तो बोल्ट लांब आहे: तळाला टेकेल, कव्हर दाबणारच नाही. बंद भोकात तेल राहिलं तर दट्ट्यासारखा दाब येऊन भोकाभोवतीचं धातू तडकतं. म्हणून भोकं ब्रेक क्लीनरनं धुऊन सुकवा. मग दोन-तीन फेऱ्यांत, समोरासमोरचे बोल्ट घेत आवळा.

आटे गेलेच, तर मोठा बोल्ट ठोकू नका. ६.३ मिमी ड्रिल, इन्सर्टचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि तारेचा इन्सर्ट (भोकात बसून नवे आटे देणारी गुंडाळी) वापरा. शेवटी इन्सर्टची शेपटी (तो फिरवून बसवायचं टोक) मोडून बाहेर काढा. आरपार भोक असेल तर ती थेट इंजिनात पडते.