सुरक्षा साहित्य, परदेशी मोटारप्रवासातील

परदेशात मोटार चालवताना गाडीत बाळगावे लागणारे साहित्य : इशाऱ्याचा त्रिकोण, चमकणारे जॅकेट, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचे नळकांडे, हिवाळी टायर, मुलांचे आसन वगैरे. यांतले सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय, हे देशागणिक बदलते. ‘युरोपात हे सगळं लागतंच’ असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण सगळ्या युरोपाला लागू होणारी एकच यादी नाही.

मराठवाड्यातून परदेशी रस्त्यावर स्टिअरिंग धरणारे लोक आता थोडेथोडके नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा या चेक मोटारकंपनीचा कारखाना आहे. मोटार उद्योगातल्या अशा कामांमुळे इथल्या अभियंत्यांना युरोप नवा राहिलेला नाही. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे दोन महिने राहायला गेलेले लातूर-नांदेडचे आईवडील असतात, आणि आखातात नोकरी करणाऱ्यांची तर दुसरी-तिसरी पिढी आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना मूळ परवाना आणि पासपोर्ट पाहिला जातो. फी १००० रुपये आणि मुदत एक वर्ष. गाडीत काय असायला हवे, हा विषय मात्र त्या खिडकीवर निघत नाही. तो निघतो परक्या विमानतळावर, भाड्याच्या गाडीची किल्ली हातात पडल्यावर.

नियम गाडीचा की चालकाचा

सगळा गोंधळ इथे आहे. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना इथे झालेल्या आणि १९७७ पासून अमलात आलेल्या रस्ते वाहतूक करारात सीमा ओलांडणाऱ्या वाहनांसाठी किमान अटी घातलेल्या आहेत. बंद पडलेल्या गाडीची सूचना देणारे साधन, म्हणजे त्रिकोण किंवा तितकेच परिणामकारक दुसरे काही, त्यात येते. प्रथमोपचार पेटी, नळकांडे, जादा बल्ब या गोष्टी प्रत्येक देश मुख्यतः आपल्याकडे नोंदलेल्या गाड्यांकडून मागतो. बेल्जियममध्ये तिथल्या नंबरपाटीच्या मोटारीत नळकांडे लागते. फ्रान्सची गाडी बेल्जियममध्ये शिरली म्हणून तिने ते विकत घ्यावे, असे नाही.

जॅकेट घालण्याचा नियम वेगळ्या जातीचा. तो गाडीच्या बनावटीबद्दल नसून माणसाच्या वागण्याबद्दल आहे, आणि वागण्याचे नियम पाहुण्यालाही लागू होतात. इटली किंवा स्पेनच्या महामार्गावर गाडी बंद पडली आणि आपण जॅकेट न घालता खाली उतरलो, तर पाटी कुठली हे कोणी विचारत नाही.

भाड्याच्या गाडीने हा प्रश्न सोपाही होतो आणि अवघडही. गाडी त्याच देशात नोंदलेली असल्याने तिथला पूर्ण नियम तिला लागू होतो आणि साहित्य बहुधा आत असते. पण ते नसले तर पोलीस चालकाला धरतात. म्हणून काउंटरवरून निघण्याआधी डिकी उघडून पाहणे हा पाच मिनिटांचा उद्योग करावा. ओरखड्यांचे फोटो आपण हौसेने काढतो, डिकीतला त्रिकोण कोणी पाहत नाही.

त्रिकोण

लाल कडांचा, घडीचा, मध्ये पोकळ असा समभुज त्रिकोण. करारानुसार बाजू किमान ४० सेंटिमीटर हवी. संयुक्त राष्ट्रांच्या २७ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे बनवलेल्यांची बाजू अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि त्यांवर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर छापलेले असते. त्यात दोन वेगळे पदार्थ आहेत. बाहेरचा पट्टा रात्री काम करतो : समोरून आलेला प्रकाश तो आल्या वाटेने परत पाठवतो, म्हणून हेडलाइट टाकणाऱ्यालाच तो पेटल्यासारखा दिसतो. आतला नारिंगी-लाल पट्टा दिवसा काम करतो : उन्हातले अतिनील किरण शोषून तो डोळ्याला दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही भडक वाटतो.

आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणतात ती पट्टी यांतली पहिली. नावापुरतेच रेडियम, त्या मूलद्रव्याशी तिचा काही संबंध नाही, काम करतात ते काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक. गळीत हंगामात बीड, धाराशिव, परभणीच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि त्यांना मागून रेडियम लावून घेण्यासाठी दर वर्षी आरटीओ आणि कारखाने मोहिमा काढतात. काही गाडीवान बैलगाडीच्या मागे जुनी सीडी बांधतात. ती आरशासारखी प्रकाश भलत्याच दिशेला फेकते, कोन जुळला तरच मागच्याला चमक दिसते. रेडियमची पट्टी तिरक्या प्रकाशालाही मागच्या मागे धाडते. फरक एवढाच, पण रात्री दोन वाजता तोच महत्त्वाचा.

त्रिकोण किती लांब ठेवायचा, यातही एकमत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये किमान ४५ मीटर, फ्रान्समध्ये किमान ३०, आणि जर्मनीत वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर साधारण १००. ब्रिटनमध्ये त्रिकोण सक्तीचा नाही, आणि मोटारवेवर तर तो ठेवूच नये असे सांगितलेले आहे. फ्रान्समध्येही ठेवायला जाणे जिवावर बेतणारे असेल तर ठेवू नये, अशी मुभा आहे.

या मुभेमागे कटू अनुभव आहे. त्रिकोण ठेवायला मागे चालत जाणारा माणूसच मागून येणाऱ्या गाडीखाली सापडतो. स्पेनने याच कारणासाठी त्रिकोणाला रजा दिली. १ जुलै २०२३ पासून तिथल्या महामार्गांवर तो ठेवण्याची सक्ती उठली, आणि १ जानेवारी २०२६ पासून स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना ‘व्ही-१६’ हा लुकलुकणारा पिवळा दिवा लागतो. तळाला चुंबक असतो. खिडकीतून हात बाहेर काढून तो टपावर चिकटवायचा, खाली उतरायचे नाही. एक किलोमीटरवरून दिसतो आणि गाडी कुठे उभी आहे ते वाहतूक खात्याच्या यंत्रणेला आपण होऊन कळवतो. बाहेरच्या देशातून आलेल्या गाडीला तिथे अजून त्रिकोण चालतो. स्पेनमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीत मात्र दिवा आहे का ते पाहावे.

मराठवाड्यात याच कामाला दगड आणि कडुलिंबाचा डहाळा असतो. धुळे-सोलापूर रस्त्यावर ट्रकचा पाटा तुटला की क्लीनर आधी उतरून मागे चार-पाच दगड मांडतो, डहाळा मोडून त्यात खोचतो. ड्रायव्हर वरूनच ओरडतो, ‘दगडं ठिवली का रं?’ युक्ती वाईट नाही. दिवसा हिरवा डहाळा डांबरावर लांबून दिसतो. रात्री मात्र त्यातले काहीच दिसत नाही. आणि गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात, मग पहाटे दुचाकीवर दूध घालायला निघालेला कोणीतरी त्यावर आदळतो. त्रिकोण घडी घालून परत डिकीत जातो, हा त्याचा न सांगितला जाणारा गुण. आपल्याकडे नव्या गाडीसोबत तो मिळतो खरा, पण बहुतेकांच्या गाडीत स्टेपनीशेजारी, कंपनीच्या प्लास्टिकसकट पडलेला असतो. दोन बाजू वर उचलून टोकाशी अडकवायच्या आणि खालचे पाय आडवे फिरवायचे, हे रस्त्याकडेला अंधारात पहिल्यांदा करू गेल्यास जमत नाही.

जॅकेट

पिवळे किंवा नारिंगी, बिनबाह्यांचे, दोन चंदेरी पट्ट्यांचे. ‘ईएन आयएसओ २०४७१’ हे प्रमाण त्यावर छापलेले असावे. इटलीत २००४ पासून, ऑस्ट्रियात २००५ पासून, फ्रान्समध्ये २००८ पासून आणि जर्मनीत १ जुलै २०१४ पासून ते सक्तीचे आहे. फ्रान्समध्ये जॅकेट किंवा त्रिकोण नसेल तर १३५ युरो दंड; जर्मनीत त्याच चुकीला १५ युरोंच्या आसपास. शेजारशेजारच्या देशांत एवढी तफावत.

खरी मेख जागेची आहे. फ्रान्सच्या नियमानुसार जॅकेट हाताशी, म्हणजे गाडीच्या आत हवे. डिकीत ठेवलेले जॅकेट काढायला जॅकेटशिवाय उतरावे लागते, मग त्याचा उपयोग काय? सीटखाली, दाराच्या खिशात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. मागे दोघे-तिघे बसणार असतील तर माणशी एक, कायदा चालकापुरताच बोलत असला तरी.

प्रत्येक गाडीत पिवळे जॅकेट असण्याचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. इंधनावरील करवाढीविरुद्ध १७ नोव्हेंबर २०१८ पासून फ्रान्समध्ये उसळलेल्या आंदोलनाचा गणवेश तोच झाला. सरकारनेच दहा वर्षांपूर्वी तो घरोघर पोचवून ठेवला होता.

दुचाकीवाल्यांनी वेगळी खबर ठेवावी. फ्रान्समध्ये २० नोव्हेंबर २०१६ पासून मोटारसायकल चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही प्रमाणित हातमोजे लागतात.

जुन्या याद्या

या विषयावरच्या याद्या लवकर शिळ्या होतात. फ्रान्सने १ जुलै २०१२ पासून प्रत्येक चालकाने श्वासात दारू मोजण्याची एकदा वापरायची नळी जवळ ठेवावी असा नियम केला. ती नसल्यास ११ युरो दंड ठरला होता, पण तो कधी वसूलच झाला नाही आणि २०२० मध्ये नियमच रद्द झाला. तरीही ‘फ्रान्सला जाताना दोन नळ्या घ्या’ हा सल्ला अजून फिरतो. ब्रिटनच्या गाडीवरची, देश ओळखवणारी ‘जीबी’ ही अक्षरे २८ सप्टेंबर २०२१ पासून गेली, त्यांच्या जागी ‘यूके’ आले. तिथली गाडी घेऊन इंग्लिश खाडीपलीकडे जाणाऱ्याला हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्याही लागतात, कारण डावीकडून चालवायच्या गाडीचा झोत उजवीकडच्या रहदारीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रथमोपचार पेटी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताकात लागते. जर्मन पेटीचे प्रमाण ‘डीआयएन १३१६४’. २०२२ च्या सुधारणेने तीत दोन मास्क आले. पेटीतल्या निर्जंतुक वस्तूंना मुदत असते, ती बघून घ्यावी.

हिवाळी टायर

मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यांत अनोळखी वस्तू हीच. रस्त्यावर बर्फ म्हणून इथे कोणी काही पाहिले असेल तर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ-चिखल असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा नाहीत, परिस्थितीच नियम ठरवते. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरे आणि हिमकण असलेली खूण असल्याशिवाय तो हिवाळी मानत नाहीत. जर्मनीत भाड्याने घेतलेली गाडी डिसेंबरात डोंगराकडे न्यायची असेल तर टायरचे काउंटरवरच विचारावे.

टायर पाहून गाडी अडवणे आता आपल्यालाही नवे नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. अपघात वाढू लागल्यावर २०२३ मध्ये प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली. जालन्याहून निघालेल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळले की टायर हेही सुरक्षा साहित्यच.

मुलांचे आसन

नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसलेली आजी इथे रोजचे दृश्य आहे, आणि परदेशात दंड पहिल्यांदा तिथेच बसतो. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन लागते, ब्रिटनमध्ये १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर, यांतले जे आधी होईल तोवर, आणि फ्रान्समध्ये १० वर्षांखाली. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा बांधावा लागतो, आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलाला आसन. आसन भाड्याने मिळते, पण गाडीबरोबरच आधी सांगून ठेवावे लागते.

स्वतःच्या पाटीची गाडी

‘एमएच २०’ ते ‘एमएच २६’ किंवा ‘एमएच ३८’ची गाडी स्वतः परदेशात जाते ती जवळजवळ नेहमी नेपाळला, पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या यात्रेला, गोरखपूरवरून सोनौलीमार्गे. नेपाळातही रहदारी डावीकडूनच चालते. सीमेवर गाडीचा भन्सार, म्हणजे जकातीचा परवाना, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचा काढावा लागतो; दिवस वाढले तर जादा पैसे. यात्रेकरूंची तयारी असते ती या कागदांची, शिध्याची आणि बंपरला नव्याने बांधलेल्या लिंबू-मिरचीची. पण मुगलिंगच्या पुढे नदीकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असली, तर स्टेपनीशेजारचे ते प्लास्टिक फोडावे लागते. तिथे कडुलिंबाचे झाडही हाताशी नसते.