जिभेला वेखंड चोळून पार्किन्सनवाल्याचं बोलणं सुधरत नाही

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे अजून सर्रास सांगतात की पार्किन्सन (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं पुटपुटल्यासारखं झालं की जीभ जड झाली, वेखंड उगाळून चोळा, आणि मग हळूच असंही की डोकंपण गेलं आता त्यांचं. दोन्ही चूक. बिघाड जिभेत नसतोच, मेंदूकडून ओठ, जीभ, घसा, छातीच्या स्नायूंना जाणारा हुकूमच कमी जोराचा जातो म्हणून आवाज बारीक, सपाट येतो, याला डिसार्थ्रिया म्हणतात. शब्द डोक्यात शाबूत असतात. दारात कोण आलंय ते आजोबांना बरोबर कळतं, "ये, बस" म्हणतातही, पण ते पंख्याच्या आवाजात विरतं आणि पाहुणा सरळ मुलाशीच बोलायला लागतो, हे बघून जीव तुटतो खरंच.

आणि गंमत नाही, त्यांना स्वतःला वाटत असतं आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय! म्हणून अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या एलएसव्हीटी लाऊड या बोलण्याच्या थेरपीत एकच गोष्ट घोटून घेतात, मोठ्यानं बोला. आठवड्याला ४ दिवस, ४ आठवडे, रोज तासभर, शिवाय घरी सराव. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाच्या गोळीनं हातपाय जेवढे मोकळे होतात तेवढं बोलणं बहुतेकदा होत नाही, त्यामुळे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजीला दाखवत असाल तर स्पीच थेरपीचं वेगळं विचाराच.

पण बोलणं अचानक, मिनिटांत अडखळलं, तोंड वाकडं झालं तर तो स्ट्रोक (पक्षाघाताचा झटका) असू शकतो, तेव्हा लगेच १०८ ला फोन, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.