हरणटोळ टाळू फोडत नाही

कोल्हापुरातून दाजीपूर किंवा आंबा घाटाच्या जंगलात निघालेल्यांना हमखास बजावले जाते, की हरणटोळ झाडावरून झेपावून माणसाची टाळू फोडतो. वास्तविक हा हिरवागार, वेलीसारखा साप सरडे, बेडूक व लहान पक्षी खातो. त्याचे सौम्य विष जबड्यातील मागच्या दातांतून उतरते आणि माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. हा समज का टिकला, हे समजण्यासारखे आहे: तो बहुधा आपल्या डोक्याच्या उंचीवर झुडपात बसतो आणि डिवचल्यास तोंड वासून, जवळ आलेल्या चेहऱ्याच्याच दिशेने झेपावतो. खात्रीसाठी दूर थांबून दुर्बिणीतून पाहावे. डोळ्यातील आडवी बाहुली ठळक दिसते आणि त्रास न दिल्यास तो अंगावर येत नाही. साप ओळखता आला नाही आणि चावलाच, तर मात्र थेट दवाखाना गाठावा.